दुसऱ्या बुधवारच्या वेणूताई

कान्हेरीची लेणी कशी आहेत, असं कुणी विचारलं तर मी सांगते, गार आहेत. दगड पाठीला आधी टोचतो, मग सवय होते. विचारणाऱ्याला वाटतं, म्हातारी चेष्टा करतेय. त्याला मूर्तींबद्दल ऐकायचं असतं. मूर्तीही आहेत, चांगल्या दोन पुरुष उंच आहेत. पण मी तिथे आठ वेळा गेले आणि आठही वेळा झोपले. यात थोडा दोष माझा आणि बराचसा वेणूताईंचा.

लग्न होऊन मी वाईहून अंधेरीला आले तेव्हा स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. स्टेशनच्या पूर्वेला आमची दुमजली चाळ होती. चाळीत नळ दोनदा यायचा, पहाटे पाचला आणि संध्याकाळी पाचला, तासभरच. त्या दोन पाचांच्या मध्ये काय करायचं ते सासूबाई ठरवत. मुंबईला चालले म्हणून माहेरी मैत्रिणींनी हेवा केला होता. आठ महिन्यांत मी मुंबईतली तीन ठिकाणं पाहिली: स्टेशन, भाजीबाजार आणि रेशनचं दुकान. समुद्र पश्चिमेला आहे असं ऐकून होते.

अशीच एकदा पहाटे नळावर बसले होते. कळशी भरून वाहत होती आणि माझा डोळा लागला होता. कुणीतरी कळशी बाजूला सरकवून आपली बादली लावली आणि विचारलं, "कान्हेरी पाहिलीस का गं?"

मी दचकून म्हटलं, "नाही."

"वसई?"

"नाही."

"कुठली तू?"

"वाईची."

"वाईची पोर आणि मुंबईत येऊन नळ बघतेस? दुसऱ्या बुधवारी तयार राहा. डबेवाला डबा घेऊन गेला की दहा मिनिटांत खाली. सासूला मी बघते."

या वेणूताई. वरच्या मजल्यावर टोकाच्या खोलीत राहायच्या. वय चाळिशीचं, अंगाने वाळलेल्या, उंच. पांढऱ्यावर बारीक काळे ठिपके असलेलं पाचवारी नेसायच्या, आणि चालायच्या अशा की पुढे कुणीतरी त्यांची वाट पाहत थांबलंय. लग्नानंतर नऊ वर्षांनी नवरा गेला. त्याच्यामागे त्यांच्या वाट्याला एक मनगटी घड्याळ, एक भली मोठी काळी छत्री आणि एक सासरे आले. घड्याळ मनगटाला सैल व्हायचं म्हणून त्याच्या पट्ट्याला त्यांनी दोरा गुंडाळला होता. सासऱ्यांना सैल करायची सोय नव्हती. या सासऱ्यांना, तात्यांना, दमा होता, आणि तो दिवसा बरा असायचा. दिवसा ते वर्तमानपत्र वाचत, रात्री उठून बसत. मग गरम पाणी, पाठ चोळणं, उशा लावणं. "माझी झोप म्हणजे पाणी घालून वाढवलेलं ताक गं," वेणूताई म्हणायच्या. "आहे म्हणायचं आणि प्यायचं."

महिन्यातून एकदा, दुसऱ्या बुधवारी, त्यांची नणंद गिरगावहून बापाजवळ बसायला यायची. सकाळी साडेनवाला यायची आणि संध्याकाळी साडेपाचच्या ठोक्याला पिशवी उचलायची. महिन्यात वेणूताईंना मिळायचा तो एवढाच दिवस. दुसरी कुणी असती तर दार लावून आडवी झाली असती. वेणूताईंनी त्या दिवसाच्या सहली काढल्या, आणि त्यांत चाळीतल्या पाच-सहा बायकांना ओढलं.

सासूबाईंची परवानगी त्यांनी कशी मिळवली ते मी पडद्याआडून ऐकलं. सासूबाई म्हणाल्या, "लेणी म्हणजे डोंगरच ना? तिथे सुनेचं काय काम?"

"देवस्थान आहे काकू."

"कुठला देव?"

"बुद्ध. दशावतारातलाच, नववा."

सासूबाई जरा विचारात पडल्या. नवव्या अवतारापर्यंत त्यांची कधी मजल गेली नसावी. "मग प्रसाद घेऊन ये म्हणावं," त्या म्हणाल्या, आणि आमची अडचण सुरू झाली. पुढे प्रत्येक स्थळाचा प्रसाद घरी न्यावा लागे. कान्हेरीचा प्रसाद म्हणून आम्ही बोरिवली स्टेशनाबाहेर साखरफुटाणे घ्यायचो. वसईच्या किल्ल्याचा म्हणून सुकेळी, तिथली वाळवलेली केळी. सासूबाईंना दात कमी होते, सुकेळी त्यांना फार आवडली. "त्या कान्हेरीवाल्यापेक्षा वसईचा देव बरा दिसतो," त्या म्हणाल्या. "परत कधी जाणार आहात?"

वेणूताईंजवळ एक पातळ पुस्तिका होती. मुंबईहून एका दिवसात पाहून परतण्याजोगी स्थळं तिच्यात दिली होती. कुठल्या स्टेशनावर उतरायचं, पुढे टांगा मिळतो की पायी जायचं, काय पाहायचं, सगळं होतं. लिहिणारा गृहस्थ हौशी असावा. प्रत्येक स्थळाच्या शेवटी तो लिहायचा, मंडळींनी सूर्यास्ताची शोभा पाहून सावकाश परतावे. वेणूताईंनी तेवढं वाक्य प्रत्येक पानावर पेन्सिलीने खोडून टाकलं होतं. "ह्याच्या घरी नळ येत नसणार," त्या म्हणाल्या. समासात त्यांनी आपल्या अक्षरात लिहिलं होतं, ४-१०. बोरिवलीहून चार दहाची गाडी मिळाली की पावणेपाचला चाळीत, पाचला नळावर. ती चुकली तर वाट लागली.

गाडीत त्यांचा एक कायदा होता. मालाडपर्यंत सासू, मालाडच्या पुढे लेणी. म्हणजे अंधेरीहून गाडी सुटली की जोगेश्वरी, गोरेगाव, मालाड एवढ्या प्रवासात जिने तिने आपल्या सासूबद्दल काय ते बोलून घ्यायचं. मालाड गेलं की बंद. एकदा आमच्यातली कोकणातली शांता मालाड ओलांडल्यावरही बोलतच राहिली, तर वेणूताईंनी छत्रीचं टोक जमिनीवर आपटलं. शांता म्हणाली, "अर्धी रवली ना गोष्ट!" तर म्हणाल्या, "उरलेली येताना. परत मालाड येतंय."

दुसरा कायदा जेवणाचा. आज कुणी कुणाला वाढायचं नाही. प्रत्येकीने आपला डबा उघडायचा, आपलं आपण खायचं. सांगायला सोपं वाटतं, पण पहिल्या वेळेस आम्हाला ते जमेना. कुसुम म्हणून एक होती, कडेवर तान्हं मूल घेऊन यायची. ती आपला डबा उघडून सवयीने सगळ्यांच्या पुढ्यात एकेक पोळी ठेवत सुटली. वेणूताईंनी तिचा हात धरला. "खाली बस. तुझ्या डब्यात काय आहे ते तू खा. गार पोळी खायला मिळतेय तर खा निवांत." कुसुम खाली बसली, पण हात रिकामे कुठे ठेवावेत ते तिला कळेना. मला तर त्या दिवशी लक्षात आलं की बसून, कुणी मध्ये न उठवता, मी लग्नानंतर पहिल्यांदाच जेवत होते.

आता झोपेचं सांगते. पहिल्याच सहलीत ते झालं.

बोरिवलीला उतरून जिथवर जातो तिथवर टांगा केला, पुढे चढ चालून गेलो. दगड तापला होता. मोठ्या लेण्यात शिरलो तशी अंगावरून थंडावा गेला. वेणूताईंनी पुस्तिका उघडली आणि खड्या आवाजात वाचायला लागल्या. खांब किती, कोणत्या राजांच्या काळातले, व्यापारी कुठून येत, भिक्षू कुठे राहत. मग आम्हाला एका विहारात घेऊन गेल्या. आत लहान लहान खोल्या, आणि प्रत्येक खोलीत दगडातच कोरलेला एक ओटा. "हे भिक्षूंचे झोपायचे ओटे," त्या म्हणाल्या. शांता ते कसे असतात पाहायला टेकली. तिच्या शेजारी कुसुम मुलाला पाजायला बसली. मी भिंतीला पाठ लावली. एवढंच आठवतं.

जाग आली ती वेणूताईंच्या ओरडण्याने. "वाचतंय कोण आणि झोपतंय कोण! दीड तास! दीड तास मी त्या खांबांशी बोलत होते!" त्यांचा चेहरा रागाने लाल झाला होता, आणि डोळ्यांत पाणी होतं. महिन्यातला त्यांचा एक दिवस आम्ही घोरून काढला होता. परतताना गाडीत त्या आमच्याकडे पाठ करून बसल्या. मालाड आलं आणि गेलं, सासूबद्दलही कुणी काही बोललं नाही.

पुढच्या महिन्यात वसई. तटबंदी पाहिली, पडकं चर्च पाहिलं, वेणूताईंनी वाचायला सुरुवात केली, आणि भिंतीच्या सावलीत शांताची मान पुन्हा कलली. या वेळी वेणूताई ओरडल्या नाहीत. तिला हलवून नुसतं विचारलं, "शांते, तुला एवढी झोप येते तरी का गं?"

शांताने डोळे न उघडता सांगितलं, "घरात दुपारचो डोळो लागलो की सासू भांडी आपटता. हय कोण आपटणा नाय."

वेणूताईंनी पुस्तिका मिटून पिशवीत टाकली, छत्री उघडली आणि शांताच्या तोंडावर येणारं ऊन अडवून बसल्या. झोपेचं दुखणं त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

तेव्हापासून सहलीचा क्रम ठरला. पोचल्यावर पंधरा मिनिटं त्या वाचणार आणि आम्ही डोळे ताणून ऐकणार. मग डबे. मग झोप. आणि झोप म्हटली की कान्हेरीसारखी जागा नाही, म्हणून पुस्तिकेत इतकी स्थळं असूनही आम्ही फिरून फिरून कान्हेरीलाच जाऊ लागलो. आम्ही ओट्यांवर पसरायचो आणि वेणूताई विहाराच्या पायरीवर छत्री आडवी धरून बसायच्या. माकडं फार होती. डबे, चपला, काही सोडायची नाहीत. झोपेत मधूनच छत्री आपटल्याचा आवाज यायचा आणि वेणूताईंचा दबका दम, "चल हट, मेल्या! दिसत नाही, माणसं निजलीत?" तो आवाज ऐकला की झोप आणखी गाढ लागायची. आपल्यासाठी कुणी जागं आहे, हे सुख मी माहेर सोडल्यापासून विसरले होते. बरोबर सव्वादोनला त्या एकेकीच्या पायाला हात लावून उठवायच्या. ओरडून कधीच नाही.

मी एकदा म्हटलं होतं, "वेणूताई, आज तुम्ही पडा, मी बसते."

"तू?" त्या हसल्या. "तू नळावर झोपणारी. माकडं तुला उचलून नेतील. आणि मला झोप कुठे येते गं? तात्यांनी सवय घालवली."

त्यांच्या सोबतीला जागं राहायचा मी एकदाच नेटाने प्रयत्न केला. त्या दिवशी त्यांनी मला पाण्याच्या टाक्यापाशी नेलं. टाक्याच्या वर दगडात ओळभर अक्षरं कोरलेली होती. ती काही आम्हाला वाचता येत नव्हती, पण पुस्तिकेत अर्थ दिला होता. कुणा व्यापाऱ्याच्या बायकोने हे टाकं लोकांसाठी दान दिलं होतं. वेणूताईंनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "नाव आहे बघ तिचं," त्या म्हणाल्या. "स्वतः आली असेल का गं इथवर? का घरचं आटपता आटपता नुसता निरोप धाडला असेल, की माझ्या नावाचं एक टाकं खणा?" मला झोप येत होती. "जा, पड जा," त्या म्हणाल्या. त्या दिवशी मी आणखी थोडा वेळ उभी राहायला हवी होती, असं आता फार वाटतं.

अशी वर्ष-दीड वर्ष गेली. पावसाळ्याचे महिने सोडले तर आमचा दुसरा बुधवार सहसा चुकला नाही. मग एका बुधवारी कुसुमचा नवरा ताप आला म्हणून दुपारीच घरी परतला. दाराला कुलूप. बिचारा चाळीतल्या नानांच्या गॅलरीत कांबळं पांघरून बसला. आम्ही पावणेपाचला, नेहमीसारख्या वेळेवर आलो, पण चाळीने तोवर तमाशा करून ठेवला होता. त्या रविवारी पुरुषांची बैठक बसली. नाना वयाने वडील, त्यांनी वेणूताईंना बोलावून निकाल सांगितला. "हौसेला कुणी नाही म्हणत नाही. जा. पण नळाच्या वेळेला दारात एक जरी बाई कमी दिसली, तर त्या दिवसापासून बंद. सगळ्यांचंच बंद."

"कबूल," वेणूताई म्हणाल्या. खाली येऊन आम्हाला म्हणाल्या, "आजवर एक तरी गाडी चुकलीय का? मग घाबरता काय?" त्यांची नणंदही तेच बजावून होती. साडेपाचला निघाले नाही तर माझ्या घरी चूल पेटत नाही वहिनी, ती म्हणायची, आणि ते खरंच होतं.

आणि मग तो माघातला बुधवार.

त्या थंडीत तात्यांचा दमा फारच वाढला होता. खालच्या मजल्यावर आमच्या खोलीतही त्यांचा खोकला रात्रभर ऐकू यायचा, आणि मधूनमधून वेणूताईंची पावलं. तीन आठवडे हे चाललं होतं. मंगळवारी मी म्हटलं, "या वेळी राहू द्या." तर म्हणाल्या, "राहू दिलं तर काय करू? घरात बसून नणंदेला जाड पोहे करून घालू?"

त्या आल्या. गाडीत खिडकीला डोकं टेकून बसल्या, सासवांचं बोलणं मालाडच्या पुढे गेलं तरी त्यांची छत्री आपटली नाही. लेण्यात पोचल्यावर पुस्तिका उघडली, चार ओळी वाचल्या आणि पाचवीला थांबल्या. "पुढचं तुम्हाला पाठच असेल," म्हणाल्या. आम्ही जेवलो. आम्ही पसरलो. त्या पायरीवर बसल्या.

मला जाग आली ती कसल्याशा खुडबुडीने. पाहते तो एक माकड शांताचा डबा चाटतंय आणि दुसरं कुसुमच्या मुलाचं टोपडं घेऊन कठड्यावर बसलंय. छत्री पायऱ्यांवरून घरंगळून खाली पडली होती. वेणूताई भिंतीला टेकून बसल्या होत्या, मान एका बाजूला पडली होती, तोंड थोडं उघडं होतं. मी धावत गेले. मला काय वाटलं ते सांगायला नको. जवळ गेल्यावर श्वास ऐकला. संथ, लांब, अगदी खोलवरचा.

वेळ काय झाली ते फक्त त्यांच्याच मनगटावर होतं. मी वाकून पाहिलं. दोन वाजून पस्तीस मिनिटं. तेव्हाच्या तेव्हा उठलो असतो, जरा पळालो असतो, तर चार दहा मिळाली असती.

मी सगळ्यांना खुणेने उठवलं. शांता माझ्या कानाशी म्हणाली, "उठवया काय?"

उठवायला हवं होतं. नानांचा निकाल सगळ्यांना ठाऊक होता, पाणी भरलं नाही तर घरात काय होईल तेही ठाऊक होतं. त्यांची नणंद पिशवी घेऊन दारात उभी राहील हेही. मी हात पुढे केला. त्या आमच्या पायाला लावत तसा त्यांच्या पायाला लावायचा, इतकंच. तळव्यांना भेगा होत्या, एका टाचेला चिंधी बांधली होती. मी हात मागे घेतला.

मला वाटलं, कुसुम तरी उठवील. तिच्या नवऱ्यामुळेच हे सगळं झालेलं, तिलाच सगळ्यांत जास्त ऐकावं लागणार होतं. कुसुम उठली, मुलाला माझ्याकडे दिलं, आणि वेणूताईंच्या शेजारी बसून आपल्या पदराचं टोक त्यांच्या घड्याळावर टाकलं. ते दिसेनासं झालं.

मग आम्ही पाचजणी पायरीवर ओळीने बसलो. शांताने छत्री उचलून आणली. माकडं आली की ती छत्री उगारायची, पण आपटायची नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा समोरचं जंगल नीट पाहिलं. पलीकडच्या डोंगरावर ऊन होतं, ते हळूहळू वर सरकत गेलं.

त्या उठल्या तेव्हा चार वाजून गेले होते. आधी पदर बाजूला करून घड्याळ पाहिलं. मग आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळ्या जाग्या, ओळीत बसलेल्या.

"का नाही उठवलंत?" त्यांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

शांताने छत्री त्यांच्यापुढे ठेवली.

"अगं, का नाही उठवलंत मला?"

आम्ही उतरलो तेव्हा टांगेवाला वाट पाहून निघून गेला होता. स्टेशनपर्यंत पायी गेलो, काळोख पडला. गाडीत बसलो तेव्हा वेणूताई माझ्यासमोर होत्या. मालाड आलं तेव्हा म्हणाल्या, "उठवायला हवं होतं गं." गाडी सुटल्यावर खिडकीबाहेर बघत पुन्हा म्हणाल्या, "पण झोप झकास लागली होती."

पुढचं काही वेगळं सांगण्यासारखं नाही. चाळीत प्रत्येक दारात माणसं उभी होती आणि प्रत्येक घरात पिंपं रिकामी. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या नवव्या अवताराला सांग, पाणी भरून दे." सहली बंद झाल्या, सगळ्यांच्याच. ते आम्हाला ठाऊक होतं, आम्ही ते सोसलं. जे ठाऊक नव्हतं ते पुढे झालं. त्यांची नणंद सहापर्यंत थांबून बापाला एकटं टाकून निघून गेली होती. तात्यांना काही झालं नाही, ते वर्तमानपत्र वाचत बसले होते. पण ती पुन्हा आली नाही. "महिन्याचा एक दिवस दिला, तर हिने त्याचीही रात्र केली," असं तिने सगळ्या नात्यात सांगितलं. वेणूताईंना त्यानंतर दोन वर्षं एकही मोकळा दिवस मिळाला नाही. तात्या गेले तेव्हा खोली तात्यांच्याच नावावर होती. ती नणंदेने आपल्या मुलासाठी मागितली. वहिनीला बापापेक्षा डोंगर प्यारे होते, असं ती म्हणाली, आणि नात्यातल्या लोकांना ते पटलं.

मी कधीकधी हिशेब मांडत बसते, की दीड तासाच्या झोपेपायी एका बाईची खोली गेली. मग म्हणते, खोली तशीही गेलीच असती. पण हे मी माझ्या समाधानासाठी म्हणते. सगळ्यांत आधी मी जागी झाले होते. हात माझाच पुढे गेला होता आणि मीच तो मागे घेतला होता. हे मी त्यांना एकदा नळावर सांगितलं. त्यांनी माझी कळशी बाजूला सरकवून आपली बादली लावली. म्हणाल्या, "गप गं. तेवढीच एक झोप झालीय माझी. तिच्यावर आता रडू नकोस."

त्या नाशिकला भाच्याकडे जायला निघाल्या तो दिवस बुधवार नव्हता. कुठलासा साधा वार होता, दुपारचे साडेतीन. अंधेरीहूनच सुटणारी गाडी फलाटाला उभी होती. तिने दादर, आणि पुढे नाशिक. मी डबा घेऊन निघाले होते, पोळ्या आणि बटाट्याची भाजी. सासूबाईंनी आपणहून साखरफुटाण्यांची पुडी दिली होती, "माझा प्रसाद म्हणून दे तिला." मला उशीर झाला. फलाटावर पोचले तर शांता एका खिडकीपाशी उभी. मला पाहून तिने ओठांवर बोट ठेवलं.

खिडकीत वेणूताई बसल्या होत्या. मांडीवर ट्रंक, ट्रंकेवर आडवी छत्री, आणि छत्रीवर हात. मान बाजूला पडलेली. गाडी सुटायच्या आधीच त्यांना झोप लागली होती. घर आवरण्यात चार रात्री गेल्या असतील. शेजारी भाचा बसला होता. तो संकोचून म्हणाला, "उठवू का आत्याला? तुम्ही मुद्दाम आलात."

मी शांताकडे पाहिलं. चार वर्षं एका चाळीत राहिले, नळावर भांडले, त्यांच्या पहाऱ्यात झोपले. दोन शब्द बोलायचे होते.

शांता म्हणाली, "नको रे बाबा. निजांदे तिका."

मी डबा आणि पुडी भाच्याच्या हातात दिली. "जाग आली की द्या," म्हटलं, "आणि सांगा, ज्याचं त्याने खायचं, तुम्हाला वाढू नका म्हणावं." त्याला काही कळलं नाही, तरी त्याने मान हलवली. घंटा झाली. गाडी हलली तशी वेणूताईंची मान थोडी हलली, पण डोळे उघडले नाहीत. शांता आणि मी खिडकीबरोबर थोडं चाललो, पावलांचा आवाज न करता.

मग शांताने विचारलं, "किती वाजले गो?"

घड्याळ गाडीबरोबर गेलं होतं. फलाटावरच्या घड्याळात पाहिलं. पाचला नळ यायचा होता, म्हणून आम्ही घरी निघालो.